स्प्रिंग किती ताणली, ते आधी मोजा

प्रश्न : उभी हालचाल टिपणारा भूकंपमापक घरी करतो आहे. स्प्रिंगला वजन, त्याखाली चुंबक आणि चुंबकाभोवती बारीक तारेचे वेटोळे. बारीक स्प्रिंगला २०० ग्रॅम, जाड स्प्रिंगला १ किलो असे करून पाहिले, पण दोलनकाल (एका पूर्ण हेलकाव्याला लागणारा वेळ) अर्ध्या सेकंदापुढे जात नाही. दाराची स्प्रिंग घेऊ की स्लिंकी (खेळण्यातली सैल, लांब स्प्रिंग)?
— एक वाचक, कराड

उत्तर : वजन वाढवताना तुम्ही स्प्रिंगही ताठ घेतलीत, म्हणून फरक पडला नाही. साध्या स्प्रिंगचा दोलनकाल ठरतो तो वजनाने ती किती ताणली जाते त्यावर. ६ सेंमी ताणली तर अर्धा सेकंद, २५ सेंमी ताणली तर १ सेकंद. २ सेकंद हवे असतील तर १ मीटर. तेव्हा दुकानात पट्टी घेऊन जा.

घट्ट वळलेली दाराची स्प्रिंग मात्र या हिशेबापेक्षा चांगली निघते. वेटोळी एकमेकांवर दाबून बसलेली असतात, ठरावीक वजनाखाली ती उघडतच नाहीत. समजा ५०० ग्रॅमला उघडायला लागली आणि १ किलोला १२.५ सेंमी ताणली. पट्टीच्या हिशेबाने ०.७ सेकंद येईल, प्रत्यक्षात १ सेकंद मिळेल. म्हणून शेवटी घड्याळ लावून २० दोलने मोजाच. तुमच्या कामाला हीच स्प्रिंग घ्या, १ सेकंद पुरेसा आहे: कोयनेचे धक्के जवळचे आणि उथळ, त्यांच्या लहरी सेकंदाला अनेकदा हलतात.

स्लिंकी स्वतःच्याच वजनाने लोंबते, त्यामुळे वरची वेटोळी जास्त उघडतात. जादा वेटोळी केबल टायने बांधू नका, ती आत खडखडतात आणि आलेखात भलतेच टोक उमटते. दोन पट्ट्यांमध्ये स्क्रूने आवळा. वेटोळी निम्मी केली की ताठपणा दुप्पट होतो, हेही धरून चाला. स्लिंकी पोलादी असेल तर चुंबक तिला ओढतो. मध्ये ३० सेंमीचा ॲल्युमिनियमचा गज ठेवा.

स्प्रिंगचे टोक नुसते आकड्यात अडकवले तर तिथे धातू घासतो आणि वजन बारीक झटके देत सरकते. शेवटचे वेटोळे दोन वॉशरांमध्ये नटबोल्टने दाबून धरा. नवी स्प्रिंग काही दिवस हळूहळू खाली उतरत राहते, तेव्हा वजन लावून आठवडाभर टांगून ठेवा आणि मगच चुंबक मध्यावर आणा. उष्णतेनेही पोलाद मऊ पडते: २५ सेंमी ताणलेली स्प्रिंग दर अंशाला सुमारे ०.०७ मिमी खाली येते. दहा अंशांच्या फरकाला चुंबक पाऊण मिलिमीटर हलला, असे समजा. सगळी रचना ४ इंची पीव्हीसी पाइपमध्ये बंद करा, नाहीतर पंख्याची झुळूकही भूकंप म्हणून नोंदली जाईल.

डॅम्पिंग, म्हणजे डोलणे लवकर शमवण्याची सोय, विसरू नका, ते नसेल तर एका धक्क्यानंतर वजन कितीतरी वेळ डोलत राहते आणि पुढचे काही वाचता येत नाही. वजनाला ॲल्युमिनियमची जाड पट्टी लावा, दोन्ही बाजूंना निओडिमियम चुंबक ठेवा. मग वजन १० मिमी खाली ओढून सोडा. ते मध्यापलीकडे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाऊन थांबले, तर जमले. जास्त गेले तर चुंबक पट्टीजवळ आणा.

प्रश्न : याच यंत्रावर इंडोनेशियासारखे दूरचे भूकंप दिसतील का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : मोठ्या भूकंपाची पहिली लहर दिसेल. मागून येणाऱ्या पृष्ठलहरींचा (जमिनीच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या लहरींचा) काळ २० सेकंदांच्या आसपास असतो, आणि तेवढ्या दोलनकालासाठी सरळ टांगलेली साधी स्प्रिंग १०० मीटर ताणावी लागेल! अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ लुसियन लाकोस्ट यांनी १९३४ मध्ये यातून वाट काढली: स्प्रिंगवरचा ताण तिच्या पूर्ण लांबीच्या प्रमाणात राहील अशी ती वळायची आणि तिरकी लावून तिने वजनाच्या आडव्या दांड्याला धरून ठेवायचे. दाराच्या स्प्रिंगमधला तो सुरुवातीचा ताण इथेच कामी येतो. घरी मात्र हे जुळवणे फार नाजूक. त्यापेक्षा फाटकासारखा आडवा लंबक करा. त्याला स्प्रिंग लागतच नाही. फाटकाचा आस उभ्या रेषेपासून जरासाच कललेला ठेवला की दोलनकाल १५ सेकंदांपर्यंत नेता येतो. कल फारच कमी केला तर दांडा एका बाजूला जाऊन पडतो. तसे झाले की कल ठरवणारा तळाचा स्क्रू पाव फेरा मागे घ्या.