दोन दिवसांत हिमनदी गाठायची घाई

प्रश्न : आम्ही चौघं ऑफिसमधले मित्र, सगळे बऱ्यापैकी फिट, दोघं तर हाफ मॅरेथॉन पळतात. शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी चढून ४००० मीटरवर हिमनदीच्या शेजारी तंबू ठोकायचा आणि रविवारी परत, असा बेत आहे. जमेल ना?

उत्तर : पायांना जमेल हो, प्रश्न हवेचा आहे. ४००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच उरतो, म्हणजे दर श्वासाला ऑक्सिजनही तेवढाच, आणि पळणाऱ्यांना त्यात काही सूट मिळत नाही. उलट मला फिट मंडळींचीच जास्त काळजी वाटते, ती भराभर चढतात आणि डोकं ठणकायला लागलं तरी ग्रुपमध्ये कोण बोलणार म्हणून गप्प बसतात. डॉक्टर मंडळींचा साधा नियम असा की ३००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही. तुमच्या बेतात हे बसतच नाही. त्यामुळे तंबू २५०० च्या आसपास लावा, शनिवारी जमेल तेवढं वर जाऊन हिमनदी लांबून बघा आणि झोपायला खाली या, नाहीतर सरळ आणखी दोन-तीन दिवस रजा टाका.

डोकेदुखीसोबत मळमळ, चक्कर असं काही वाटलं तर त्या दिवशी वर जायचं नाही, बरं वाटेना झालं तर खाली. पण कोणी सरळ रेषेत चालू शकत नसेल, असंबद्ध बोलत असेल किंवा नुसतं बसूनही धाप लागत असेल तर सकाळ व्हायची वाट बघू नका, रात्र असली तरी त्याला सोबत घेऊन उतरा. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, घ्यायची असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा. गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि सोड्याची चव विचित्र लागते, त्याला घाबरू नका.

प्रश्न : क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखाली लावायचे धातूचे काटे, भाड्याने मिळतायत. ते लावले की हिमनदीवर आपलं आपण फिरता येईल का?

उत्तर : नाही. क्रॅम्पॉनने घसरणं कमी होतं, हिमनदीतल्या खोल भेगेत पडणं नाही. उघड्या बर्फावर भेगा निदान दिसतात तरी, पण वर ताजा हिम साचला की भेगेचं तोंड झाकलं जातं आणि हिमाचा तो पातळ पूल दुपारच्या उन्हात मऊ होतो. म्हणून जाणकार लोक पहाटे निघतात, एकमेकांत अंतर ठेवून रोपने बांधून घेतात, आणि कोणी पडलं तर बाहेर कसं काढायचं ते आधी शिकलेले असतात. तुमच्यात असं कोणी नसेल तर गाईड घ्या, त्यात कंजुषी नको. फोटोसाठी हिमनदीच्या मुखाखाली, म्हणजे ती जिथे संपते त्या टोकाखाली, तर अजिबात उभं राहू नका, बर्फ सुटायला मुहूर्त लागत नाही. इटलीत मार्मोलाडा डोंगरावर ३ जुलै २०२२ ला बर्फाचा मोठा तुकडा कोसळून ११ जण गेले, आणि त्या डोंगराचं शिखर तर ३३४३ मीटरच उंच आहे. बाजूच्या दगडगोट्यांवरही जपून, पुष्कळदा दगडांचा थर जेमतेम वीतभर असतो, खाली काळपट ओला बर्फ, एक दगड सरकला की पाय गेलाच. आणि हो, सकाळी दगडांवरून उड्या मारत ओलांडलेला ओढा दुपारी बर्फ वितळून मांडीपर्यंत चढलेला असू शकतो, तेव्हा परतीची वेळ सकाळीच ठरवा आणि ती पाळा.

प्रश्न : ढगाळ असेल तर गॉगल लागतो का?

उत्तर : लागतो. अतिनील किरणं ढगातूनही येतात आणि ताजा हिम त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो, म्हणून तर हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आतसुद्धा भाजतं, क्रीम तिथेही लावा. डोळ्यांचं तर तेव्हा कळतच नाही, काही तासांनी रात्री वाळू गेल्यासारखे खुपायला लागतात. गॉगल बाजूंनी बंद असलेला, कॅटेगरी ४ चा घ्या, फक्त तो घालून गाडी चालवू नका, फार काळा असतो.