डोळ्यातील द्रव तपासून युव्हिआयटिसचे कारण कळते का?

युव्हिआयटिस (डोळ्याच्या आतील भागाचा दाह) झालेल्या आपल्या भावाच्या डोळ्यातील द्रव तपासण्याचे डॉक्टरांनी सुचवले आहे आणि त्यातील सायटोकाइन (रोगप्रतिकारक पेशींमधील संदेश वाहणारी प्रथिने) मोजल्यास आजाराचे कारण कळेल का, असे आपण विचारले आहे. अशा नमुन्यांवर मी प्रयोगशाळेत काम करतो. सायटोकाइनवरून दाह किती तीव्र आहे याचा बराच अंदाज येतो, परंतु तो कशामुळे झाला हे त्यांवरून क्वचितच ठरते.

पारपटलामागील (कॉर्नियामागील) हा स्वच्छ द्रव बुबुळामागच्या रोमक पिंडात मिनिटाला साधारण २ ते ३ मायक्रोलिटर या वेगाने तयार होतो. रक्त आणि हा द्रव यांच्यामध्ये घट्ट जोडलेल्या पेशींचा अडसर असल्यामुळे निरोगी डोळ्यात त्यातील प्रथिनांचे प्रमाण रक्तद्रवाच्या १ टक्क्याहूनही कमी असते. शिवाय त्यातील टीजीएफ-बीटा-२ हा रेणू रोगप्रतिकारक पेशींना आवर घालतो. दृष्टिपटलाची हानी सहसा भरून येत नसल्याने हा आवर फार मोलाचा आहे. दाह सुरू झाला की अडसर सैल पडतो, प्रथिने आणि पांढऱ्या पेशी आत झिरपतात आणि स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाच्या प्रकाशझोतात त्या कवडशातल्या धुळीसारख्या तरंगताना दिसतात. याच वेळी इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ आणि एमसीपी-१ या सायटोकाइनची पातळी वाढते. अडचण अशी की, इंटरल्यूकिन-६ एचएलए-बी२७ या जनुकीय प्रकाराशी निगडित दाहात वाढते, बेहचेटच्या आजारात (रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या एका विकारात) वाढते आणि विषाणुसंसर्गातही वाढते. त्यामुळे केवळ त्या आकड्यावरून या आजारांतील फरक सांगता येत नाही.

एक अपवाद मात्र महत्त्वाचा आहे. डोळ्याच्या आतील लिंफोमा (पांढऱ्या पेशींचा कर्करोग) कधीकधी हुबेहूब युव्हिआयटिससारखा दिसतो. त्यातील कर्करोगग्रस्त बी-पेशी इंटरल्यूकिन-१० तयार करतात आणि त्याचे प्रमाण इंटरल्यूकिन-६पेक्षा जास्त आढळले, तर लिंफोमाचा संशय बळावतो. पक्के निदान तरीही पेशींच्या तपासणीवर आणि जनुकीय चाचण्यांवरच अवलंबून असते.

संसर्गाची शंका असल्यास सायटोकाइनपेक्षा पीसीआर (जंतूंचे जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी) आणि गोल्डमन-विट्मर गुणांक कितीतरी अधिक उपयोगी पडतात. या गुणांकात एखाद्या जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडांचे एकूण प्रतिपिंडांशी असलेले प्रमाण डोळ्यात आणि रक्तात मोजून त्यांची तुलना करतात. डोळ्यातील प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या ३ पटींहून अधिक भरल्यास प्रतिपिंडे डोळ्यातच तयार होत आहेत असे सहसा मानले जाते.

बारीक सुईने मिळणारा नमुना जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिलिटरचा असतो, म्हणून कोणत्या चाचण्या आधी करायच्या हे सुई टोचण्यापूर्वीच ठरवलेले असावे, असा माझा आग्रह असतो. भावाला स्टेरॉइड सुरू असल्यास तेही नमुन्यासोबतच्या अर्जावर अवश्य लिहायला सांगा, कारण स्टेरॉइडमुळे सायटोकाइनची पातळी उतरते आणि लिंफोमाच्या पेशी मोडून निदान हुकू शकते.

उपचारांबाबत सांगायचे तर, टीएनएफ हे दाह वाढवणारे सायटोकाइन रोखणाऱ्या अडॅलिमुमॅब या औषधाला संसर्गजन्य नसलेल्या, डोळ्याच्या मधल्या किंवा मागच्या भागातील युव्हिआयटिससाठी अमेरिका आणि युरोपमध्ये २०१६ साली मान्यता मिळाली. ते द्यायचे की नाही, हे द्रवातील टीएनएफच्या आकड्यावर ठरत नाही. रोगाचे स्वरूप, दृष्टीला असलेला धोका आणि आधीच्या औषधांना मिळालेला प्रतिसाद पाहून डॉक्टर तो निर्णय घेतात, आणि त्याआधी क्षयरोगाची तपासणी करून घेतात.