एसिटालोप्रामची सवय लागते का? मध्येच बंद केली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांनी एसिटालोप्राम (नैराश्य आणि चिंतेवरची गोळी) सुरू करून दहा दिवस झाले, मन अजून तसंच आहे, वर मळमळतंय, आणि घरचे म्हणतात, "या गोळ्यांची सवय लागते, सोडून दे." मी फार्मासिस्ट आहे, तालुक्याच्या गावी मेडिकलमध्ये काम करतो. हे वाक्य काउंटरवर सतत ऐकतो. गोळी आज बंद करू नका. आधी स्ट्रिप उलटी करा आणि मोठ्या नावाखालची बारीक अक्षरं वाचा.

तिथे नुसती एसिटालोप्राम आहे, की सोबत क्लोनाझेपामही? आपल्याकडे या दोन्हींची मिळून एकच गोळी सर्रास मिळते. ब्रँडचं नाव जवळपास तेच असतं, पुढे 'प्लस' किंवा एखादं अक्षर वाढलेलं. काम मात्र दोघींचं अगदी वेगळं. क्लोनाझेपाम तासाभरात घबराट कमी करते, झोप आणते. सवय लागते ती तिची. रोज घेत राहिलं की तेवढ्या डोसवर भागेनासं होतं, आणि अचानक तोडली तर झोप उडते, हातपाय थरथरतात, क्वचित फिटही येते. म्हणून ती सहसा थोड्या दिवसांपुरती देतात. एसिटालोप्रामची अशी तलफ येत नाही. पण शरीर तिला सरावलेलं असतं, त्यामुळे एकदम थांबवली तर गरगरतं, चिडचिड होते, डोक्यात करंट बसल्यासारखं वाटतं. तीही डॉक्टरांकडूनच हळूहळू उतरवून घ्यायची.

लोक कापलेल्या पट्टीचा तुकडा घेऊन येतात, अर्धं नाव कात्रीत गेलेलं, आणि म्हणतात, "हीच द्या, चिठ्ठी घरी आहे." डॉक्टरांनी मधल्या काळात क्लोनाझेपाम काढून टाकलेली असते आणि तुकडा मात्र जुन्या गोळीचा असतो. जिची भीती बाळगायला नको ती एसिटालोप्राम महिन्याभरात सुटते आणि 'झोपेची' क्लोनाझेपाम वर्षानुवर्षं चालू राहते. हे पाहून फार वाईट वाटतं. दर वेळी ताजी चिठ्ठी दाखवा.

एसिटालोप्रामचा फरक जाणवायला २ ते ४ आठवडे लागतात, पुरता परिणाम दिसायला त्याहून जास्त. मळमळ बहुतेकांची आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते. जेवणानंतर घेऊन पाहा. एखादा डोस राहिला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. बरं वाटायला लागल्यावरही साधारण ६ महिने तरी गोळी चालू ठेवतात, नाहीतर आजार उलटायची शक्यता वाढते.

दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे, अगदी दाताच्याही, गेलात तर ही गोळी चालू आहे हे सांगा. अंगदुखीवरची ट्रॅमाडॉल किंवा खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन हिच्यासोबत गेलं तर ताप, दरदरून घाम, थरकाप, गोंधळलेपण असा गंभीर प्रकार होऊ शकतो. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन ही दुखण्यावरची औषधं हिच्यासोबत घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. दारू नकोच, क्लोनाझेपाम असेल तर मुळीच नको.

घरच्यांनाही एक सांगून ठेवा. सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः वय पंचविशीच्या आत असेल तर, कधी कधी बेचैनी वाढते, जीव द्यावा असे विचार येतात. तसं झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. याउलट झोप न घेताही अंगात भलताच उत्साह संचारला, पैसे उधळावेसे वाटले, तर तेही लगेच कळवा; अशा वेळी औषध बदलावं लागू शकतं.

तुमच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ ठरावीक दिवशीच येत असतील, तर स्ट्रिपमध्ये आठवडाभराच्या गोळ्या उरल्या असतानाच पुढची सोय करा. बऱ्याच जणांची गोळी अचानक बंद होते ती ठरवून नव्हे, निव्वळ संपली म्हणून.