गुआमच्या रानात पाखरं का ओरडत नाहीत?

प्रश्न : माझा मुलगा व्यापारी जहाजावर आहे. मागे त्यांची बोट पॅसिफिकमधल्या गुआम बेटाला लागली होती. फोनवर म्हणाला, "आई, इथे झाडी आपल्या कोकणासारखीच आहे, पण पहाटे रानात एक पाखरू ओरडत नाही. सापांनी खाल्ली म्हणतात." हे खरं असेल का? साप तर आपल्याकडेही आहेत, तरी पाखरं आहेतच की! – एक वाचक, दापोली

उत्तर : ताई, तुमच्या मुलाचा कान चांगला आहे. त्याला लोकांनी सांगितलं तेही खरं आहे. पण तुम्ही जो पुढचा प्रश्न विचारलात, खरी गोष्ट त्यात आहे.

गुआम म्हणजे फिलिपाइन्सच्या पूर्वेला भर समुद्रातलं सुमारे ५४० चौरस किलोमीटरचं बेट. जो उडत पोचला तो पक्षी तिथे रुजला. गांडुळाएवढा वाळा सोडला तर तिथे साप नव्हता. दुसरं महायुद्ध संपलं, न्यू गिनीकडच्या बेटांवरचं लष्करी सामान बोटींतून गुआमला आलं आणि बहुधा त्यातूनच तपकिरी वृक्षसर्प उतरला. तो आपल्या मांजऱ्या सापाचा भाऊबंद. शास्त्रात दोघांची प्रजाती एकच, बोइगा. रात्री हिंडायचं, बारीक फांदीवरही चढायचं, ही दोघांची सवय.

आधी बेटाच्या दक्षिणेकडची पाखरं गेली, मग हळूहळू उत्तरेकडची. कुणी म्हणे रोग आला, कुणी म्हणे औषधफवारणी. ज्युली सॅव्हिज या संशोधक बाईंनी आधी रोगाचाच माग काढला, तो लागेना. मग साप कुठे कधी दिसू लागला हे त्यांनी गावकऱ्यांना विचारलं. साप जसा पुढे सरकला, त्याच क्रमाने पाखरं नाहीशी झाली होती. त्यांचा निबंध १९८७ साली आला, तोवर रानातल्या बहुतेक स्थानिक जाती संपल्या होत्या. गुआमचा माशीमार जगात दुसरीकडे नव्हताच. तो कायमचा गेला.

आता तुमचा प्रश्न. माझ्या पडवीत जाईच्या वेलावर बुलबुल दरवर्षी घरटं करतात. एका मे महिन्यात तिन्हीसांजेला एकदम कलकलाट उठला. बॅटरी मारली तर वेलात मांजऱ्या, घरट्यापासून वीतभर अंतरावर. बुलबुलाची जोडी त्याच्या डोक्यावर झेपा घालत होती. पाठोपाठ दयाळ आला, दोन शिंजीर आले, सगळे मिळून ओरडत होते. शेजारचे काका काठी घेऊन धावले, त्यांना मी थांबवलं. सापाने एक पिल्लू नेलं, हे सांगताना आजही गलबलतं. पण दोन वाचली. पुढच्या वेळी बुलबुलांनी घरटं केलं ते परसातल्या लिंबाच्या काट्यांत.

ही जाण त्यांना कुणी एका दिवसात शिकवलेली नाही. अगणित पिढ्या साप आणि पाखरं शेजारी राहिली, त्यातून ती मुरली. आपली सुगरण विहिरीवर टांगलेलं, नळीच्या तोंडाचं घरटं विणते, त्यामागेही हेच भय आहे. गुआमच्या पाखरांना हे भय ठाऊक नव्हतं. रात्री फांदीवरून काही सरपटत आलं तर उडून जावं, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. कोको नावाचा, आपल्या पाणकोंबडीच्या कुळातला पक्षी तर उडायचंच विसरलेला.

एरवी भक्ष्य संपलं की भक्षकही उपाशी मरतो. इथे तसं झालं नाही, कारण रानात पाली आणि सापसुरळ्या मुबलक होत्या. साप त्यांच्यावर पोसला आणि उरलीसुरली पाखरं टिपत राहिला. पाखरं गेल्यावर रानही बदललं. पावसाळ्यात कोळ्यांची जाळी शेजारच्या बेटांच्या ४० पटींपर्यंत वाढतात. फळं खाऊन बी लांब टाकणारं कुणी नाही, म्हणून बी झाडाखालीच पडून राहतं.

तिथली माणसं हात बांधून बसलेली नाहीत. या सापाला पॅरासिटामॉल विषासारखं बाधतं. ८० मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या नेहमीच्या ५००च्या गोळीचा जेमतेम सहावा हिस्सा, मेलेल्या उंदरात भरून हेलिकॉप्टरमधून रानावर टाकतात. उंदराला कागदाचं छोटं पॅराशूट असतं, ते झाडाच्या शेंड्याला अडकतं. साप असतो तिथेच औषध पोचतं. पण एवढ्या दाट रानातला शेवटचा साप गाठणं फार कठीण.

मला सगळ्यात जिव्हाळा आहे तो सिहेकचा, म्हणजे गुआमच्या खंड्याचा. पाठ निळी, डोकं दालचिनीच्या रंगाचं. मासे नव्हे, सरडे-पाली आणि किडे खातो, कुजक्या खोडात ढोली कोरतो. १९८०च्या दशकात शेवटचे २९ सिहेक पकडून प्राणिसंग्रहालयांत नेले, तेवढ्यांवर वंश तगला. सप्टेंबर २०२४ मध्ये नऊ तरुण सिहेक पाल्मायरा या दूरच्या प्रवाळबेटावर सोडले. तिथे साप नाहीत, उंदीरही २०११ साली संपवले आहेत. २०२५ मध्ये त्या जोड्यांनी अंडी घातली. ती बातमी मी दोनदा वाचली आणि डोळे भरून आले. कोकोही शेजारच्या रोटा आणि कोकोस बेटांवर पुन्हा मोकळा हिंडतो आहे. २०१९ साली त्याचं नाव 'निसर्गातून नामशेष' या यादीतून निघालं.

तुमचा मुलगा पुन्हा गुआमला गेला तर त्याला सांगा, रानात नको, वस्तीत आणि हवाई दलाच्या तळाच्या आसपास बघ. आपल्या साळुंकीच्या कुळातला एक काळा चकचकीत, पिवळ्या डोळ्यांचा पक्षी दिसेल. सापांतूनही तो तिथे तगला आहे. तिथले चामोरो लोक त्याला 'साली' म्हणतात. दिसला तर मला जरूर कळवा.