बोरिंग आटलं, आता काय?

प्रश्न: ताई, आम्ही इंदूरला राहतो, बोरिंग एप्रिलमध्येच खाकरायला लागतं आणि नळ एक दिवसाआड, अजून खोल खणू का?

उत्तर: नको हो भाऊ! खोल गेलात तर शेजाऱ्याचंही आटू शकतं. आणि नळाला येणारं नर्मदेचं पाणी तरी काय, नदीकाठच्या जलूद गावाहून साधारण 70 किमी पंपाने घाट चढवून आणतात, विजेचा खर्च बघा. त्यापेक्षा गच्चीवरचं पावसाचं पाणी बोरिंगमध्ये सोडा, 1000 चौरस फुटांवर 10 मिमी पडला तरी 900 लिटरच्या आसपास होतं, आणि हल्ली तर पाऊस दोन तासांत धो धो पडून मोकळा होतो. पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडायला व्हॉल्व्ह ठेवा, मध्ये गिट्टी-रेतीचा फिल्टर. पाइपाच्या तोंडाला जाळी आधी लावा, आमच्याकडे पहिल्या वर्षी कबुतरांची सगळी घाण फिल्टरमध्ये, बाई गं!