या वयात थेरपीचा उपयोग होतो का?

प्रश्न: आई ७१ वर्षांची आहे, कित्येक वर्षं सतत कसली ना कसली काळजी, मला यायला जरा उशीर झाला की फोनवर फोन, झोपेची गोळी रोज चालू. डॉक्टर सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) करा म्हणतात, पण आता बोलून काय होणार?

उत्तर: होतं हो, नक्की होतं! वय झालं म्हणून मन शिकायचं थांबत नाही, फक्त वेग थोडा कमी ठेवायचा आणि मुद्दे मोठ्या अक्षरात लिहून द्यायचे. यात नुसत्या गप्पा नसतात. समजा तुम्ही उशिरा येणार, तर आईंनी आधी पाचच मिनिटं फोन न करता थांबायचं, भीती किती वाटली ते दहापैकी आकड्यात लिहायचं, मग हळूहळू वेळ वाढवायची, फोन न करताही भीती आपोआप उतरते हे त्यांना स्वतःला दिसलं पाहिजे. तुम्हीही दर वेळी "काही होत नाही गं" म्हणू नका, त्याने काळजीला खतपाणीच मिळतं.

थायरॉइडच्या बिघाडानेही अशी घालमेल होऊ शकते, म्हणून ते तपासून घ्या. झोपेच्या काही गोळ्यांनी म्हातारपणी तोल जाऊन पडायचा धोका वाढतो, पण गोळी एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच कमी करा. थेरपिस्ट मिळेपर्यंत १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं, फुकट आहे.