आरोपीला मारल्याशिवाय चोरीचा तपास लागत नाही, हे खरे आहे का? पोलिसांना कितपत बळ वापरता येते?

खरे नाही. मी सहायक पोलीस उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो आहे आणि हे वाक्य नोकरीभर ऐकत आल्यामुळे त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

बेकायदा जमाव पांगवण्यासाठी किंवा अटकेला विरोध करणाऱ्याला आवरण्यासाठी गरजेपुरते बळ वापरण्याची मुभा कायदा देतो. ताब्यात आलेल्या माणसाला कबुलीसाठी मारण्याची मुभा मात्र तो कोणालाही देत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 120 नुसार तो गुन्हा आहे आणि साध्या दुखापतीलाही त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, ही तरतूद 1872 च्या पुरावा कायद्यात होती आणि नव्या कायद्यातही कायम आहे. मग मारून मिळते काय? महिनाअखेरीस वरिष्ठांपुढे ठेवायला ‘उघडकीस आलेल्या’ गुन्ह्यांचा आकडा मिळतो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात बीट अंमलदार होतो. विहिरींवरच्या मोटारी चोरीला जात होत्या, शेतकरी संतापले होते आणि पुढाऱ्यांचे फोन रोज येत होते. आमच्या डीबी पथकाच्या, म्हणजे गुन्हे शोध पथकाच्या, फौजदारांनी नदीकाठच्या पारधी वस्तीवरून एका तरुणाला उचलून आणले. त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणावा असा एवढाच, की तो पारधी होता. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 साली रद्द झाला, पण पुष्कळ ठाण्यांतून तो अजून गेलेला नाही. अटक आणि कोठडीत पोलिसांनी काय पाळायचे हे सांगणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू खटल्यातील 1996 च्या निकालाची अकरा निर्देशांची पाटी ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे लावलेली होती आणि तिच्याच पलीकडच्या खोलीत त्या पोराला पट्ट्याने मारले जात होते.

सकाळपर्यंत त्याने हद्दीतल्या यच्चयावत मोटारी कबूल केल्या. त्यातली एक मोटार प्रत्यक्षात मालकाच्या सख्ख्या भावानेच बांधाच्या वादातून काढून नेली होती, हे पुढे भाऊबंदकीच्या दुसऱ्या तक्रारीतून बाहेर आले. म्हणजे जी चोरी झालीच नव्हती तीही त्याच्या नावावर चढली होती. मुद्देमाल म्हणून भंगारवाल्याकडून एक मोटार आणून पंचनामा झाला. खटला उभा राहिला तेव्हा फिर्यादीने ती आपली नाही असे सांगितले, पंच उलटले आणि आरोपी सुटला.

खरी टोळी मोटारी रिवायंडिंग करणाऱ्या एका दुकानदारामुळे सापडली. जळक्या तांब्याची तार कोणीतरी वारंवार विकायला आणते, हे त्याने मला सांगितले, कारण एरवीही मी त्याच्याकडे चहाला थांबत असे आणि त्याचे नाव कधी कागदावर येऊ दिले नव्हते. वस्तीवरचा जो म्हातारा परका माणूस आला की मला निरोप धाडायचा, तो मात्र त्या मारहाणीनंतर मला पाहून तोंड फिरवू लागला. पुढे त्याच भागात दरोडा पडला तेव्हा वस्तीवरच्या एकाही माणसाने तोंड उघडले नाही, आणि त्यात त्यांचा दोष आहे असे मी मानत नाही. मी हे प्रभारी अधिकाऱ्यांच्या कानावर घातले होते. त्याचा परिणाम म्हणून माझी रवानगी बारनिशीत, म्हणजे टपालाच्या आवक-जावक नोंदींच्या टेबलावर, झाली.

ते फौजदार आजही निवृत्तांच्या मेळाव्यात तावातावाने विचारतात की चोरांना मानवी हक्क, मग फिर्यादीला काय? साहेब, तुमच्या मारहाणीने फिर्यादीला त्याची मोटारसुद्धा मिळाली नाही. माणसांचा विश्वास मिळवला की काय होते, हे सांगायला मी त्यांना भिवंडीचे उदाहरण देतो. तिथे 1984 साली भीषण दंगल झाली होती. पुढे सुरेश खोपडे तेथे उपायुक्त असताना त्यांनी पोलीस आणि रहिवाशांना एकत्र बसवणाऱ्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि 1992-93 मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. त्यावर ‘ती दंगलीची गोष्ट, चोरीची नव्हे’ असे उत्तर मला मिळते. पण दंगल काय आणि चोरी काय, पोलिसाला बातमी माणसांकडूनच मिळते.

एवढे सांगून हेही सांगायला हवे की सगळा दोष खाकीचा नाही. ‘दोन ठेवून द्या त्याला’ असा आग्रह फिर्यादीच धरतात, मनुष्यबळ अपुरे असते आणि तपास सोडून बंदोबस्तातच दिवस जातात. जमावावरच्या बळाचा प्रश्नही वेगळा आहे: अंगावर दगड येत असताना निर्णय क्षणात घ्यावा लागतो, हे बंद खोलीतल्या मारहाणीसारखे नाही. तरी 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा माणसे गेली, तिथे क्षणाची सबब मला पटलेली नाही.

आपल्या ओळखीच्या कोणाला मारहाण झाली असेल, तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करतानाच त्याने ते तोंडाने सांगावे आणि वैद्यकीय तपासणीची मागणी नोंदवून घ्यावी. ठाण्यातील सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज त्याच दिवशी द्यावा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये.